उंटावर बसण्याआधी उंट बघायला शिका

वाळवंटात गेलेला माणूस उंटाला भेटतो तो बहुधा घाईतच. गाडीतून उतरायचं, रंगीत झूल घातलेल्या उंटावर चढायचं, फोटो काढायचे, अर्ध्या तासाने उतरायचं. उंट नर होता की मादी, तरणा होता की म्हातारा, त्याची पाठ धड होती की नव्हती, हे नंतर विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह हा: चढण्याआधी पंधरा मिनिटं जमिनीवर उभं राहून उंट नुसता बघा. सुरक्षित बसणं, दुखरा उंट नाकारणं, आणि पुढे कधी मंगोलियाकडच्या गोबी वाळवंटात गेलात तर दुर्बिणीतून खरा रानटी उंट ओळखणं, हे सगळं त्या बघण्यातूनच येतं.

मी पशुवैद्य आहे. नोकरी गाईम्हशींच्या दवाखान्यात झाली, पण सुट्टी मिळाली की मी उंटांच्या मुलखात जाते. थरमध्ये, लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, मंगोलियात आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात मी उंटांवर बसले आहे, आणि त्याहून जास्त वेळ उंटांशेजारी उभी राहिले आहे.

आधी ढोबळ हिशेब. जगात आज उंटाच्या तीन प्रजाती आहेत. थर, अरबस्तान, सहारा आणि ऑस्ट्रेलियात दिसतो तो एका वशिंडाचा उंट. जगातल्या साडेतीन कोटींच्या आसपास उंटांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हेच. मध्य आशियातला पाळीव उंट दोन वशिंडांचा. आणि तिसरा, दोन वशिंडांचाच पण निराळा, गोबीतला रानटी उंट, जो आता हजारही उरलेला नाही. त्याच्यावर कुणी बसत नाही. त्याच्याविषयी शेवटी बोलू.

बसलेल्या उंटासमोरची पंधरा मिनिटं

सफरीचे उंट बहुधा बसलेले भेटतात, ते सोयीचंच आहे. उंट निवांत असेल तर रवंथ करत असतो. खालचा जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरत राहतो. मग तो थांबतो, घास गिळला जातो आणि मानेच्या कातडीखालून एक गोळा खाली सरकताना दिसतो. क्षणभर काहीच हालचाल नाही. मग त्याच मानेतून दुसरा गोळा सरसर वर चढतो आणि जबडा पुन्हा चालू होतो. मान लांब असल्यामुळे हे उंटात जितकं स्वच्छ दिसतं तितकं गाईत दिसत नाही. पोटात चारा आहे, दुखत-खुपत नाही, आजूबाजूच्या माणसांची भीती नाही, एवढं सगळं त्या एका गोळ्यातून कळतं. दुपारभर रांगेत बसवलेल्या उंटांपैकी एकही रवंथ करत नसेल, तर मी त्या जागी उंटावर बसत नाही.

आता वशिंड. त्यात पाणी नसतं, चरबी असते. एका वशिंडाच्या उंटाचं वशिंड ताठ आणि भरलेलं हवं. ते खपाटीला गेलं असेल, बरगड्या मोजता येत असतील, पाठीच्या कण्याची धार वर आली असेल, तर उंटाला पुरेसं खायला मिळत नाही किंवा तो आजारी आहे. थरमध्ये चावणाऱ्या माश्यांमधून पसरणारा सर्रा हा आजार उंटांना लागतो. तिथले पाळणारे त्याला तिबरसा म्हणतात. उंट महिनोन्महिने खंगत जातो, ताप येतो-जातो, वशिंड ओसरतं. असा उंट चालतो, माणूस उचलतो, म्हणून कामाला लावला जातो. तुम्ही 'हा नको' म्हटलंत तर निदान त्या दिवशी त्याच्या पाठीवरचं ओझं टळतं.

दोन वशिंडांच्या उंटाला मात्र हा नियम तसाच लावू नका. वसंताच्या शेवटी त्याची वशिंडं रिकाम्या पिशवीसारखी एका बाजूला कललेली असतात आणि अंगावरची लोकर झुबक्या-झुबक्यांनी गळत असते. नुब्रात किंवा मंगोलियात उन्हाळ्यात गेलेली माणसं हे बघून हळहळतात. ते त्याचं ऋतुमान आहे. कडक हिवाळा काढून आलेला प्राणी आहे तो. चरून शरदापर्यंत पुन्हा भरतो.

मग कातडी. मांड्यांच्या आतली बाजू, जांघ, मान आणि डोकं बघा. केस गेलेले, राखाडी, जाड, सुरकुतलेले चट्टे दिसले तर ती खरूज आहे, आणि ती माणसालाही लागते. नाकाकडे बघा. पुष्कळ ठिकाणी उंटाच्या नाकात लाकडाची खुंटी घालून तिला दोरी बांधतात. खुंटी जुनी असेल, भोवतालची कातडी कोरडी आणि भरून आलेली असेल तर ठीक. पू, रक्त, माशा, फाटलेली नाकपुडी दिसली तर तिथून निघा. उंट नाकात काही न घालता नुसत्या म्होरकीवर, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवर, चालवत असतील तर मला ती माणसं पहिल्यापासून आवडतात.

रांगेने चालणाऱ्या उंटांत आणखी एक गोष्ट तपासा, जी फार कुणी बघत नाही. मागच्या उंटाची नाकातली दोरी पुढच्या उंटाच्या पालाणाला, म्हणजे पाठीवरच्या खोगिराला, बांधलेली असते. ती थेट बांधलेली नको. मध्ये सुतळीचा कच्चा तुकडा हवा. पुढचा उंट बुजला किंवा मागचा ठेचकाळला, तर सुतळी तुटली पाहिजे, नाक नव्हे. ऑस्ट्रेलियातले जुने उंटवाले हे काटेकोरपणे पाळत. सुतळी दिसली की ओळखावं, इथे उंटाचा विचार करणारं कुणीतरी आहे.

शेवटी पालाणाखालची जागा. उंटवाल्याला नम्रपणे विचारा, 'भाऊ, पालाण बांधायच्या आधी जरा पाठ बघू का?' चांगला उंटवाला झूल उचलून दाखवतो, आणि बहुतेक वेळा खूश होतो, कारण त्याच्या जनावरात रस घेणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटतं. वशिंडाच्या दोन्ही बाजू आणि खांद्यावरचा भाग बघा. पांढरे केस म्हणजे तिथे पूर्वी जखम होऊन गेलेली आहे. ओला, लाल, सुजलेला डाग म्हणजे आज आहे. आजची जखम असेल तर त्या उंटावर बसायचं नाही, कितीही आर्जव केलं तरी.

उंट उठताना-बसताना गुरगुरतो, ओरडतो, त्याने घाबरून जाऊ नका. काम सांगितलं की कुरकुर करणं हा त्याचा स्वभाव आहे. उभा राहिला की गप्प होतो. काळजीची ओरड वेगळी असते. पट्टा आवळताना तो मान वळवून नेमका एकाच जागेकडे बघत ओरडला, पट्टा सैल केल्यावर थांबला आणि आवळल्यावर पुन्हा सुरू झाला, तर तिथे दुखतंय.

वय विचारा. चार वर्षांखालचा उंट माणसं वाहायला लावू नये, त्याची हाडं अजून भरायची असतात. तोंड उघडून दात बघायचा प्रयत्न मात्र तुम्ही करू नका, ते काम उंटवाल्याचं.

हिवाळा आणि नर

ही गोष्ट पर्यटनाच्या माहितीपत्रकात कधीच नसते, पण सगळ्यात महत्त्वाची आहे. थरमध्ये फिरायला चांगले दिवस म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे, आणि एका वशिंडाच्या नराच्या माजाचा काळही हाच. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे, तरी जुळणी तीच: तिथला हिवाळा म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला गर्दीचा हंगाम, आणि तेव्हाच तिथले नर माजावर असतात.

माजावरचा नर ओळखणं सोपं आहे. तो तोंडातून घशाचा मऊ पडदा फुगवून बाहेर काढतो. ओठांच्या कडेला गुलाबी फुगा लोंबतो आणि त्याबरोबर गडगडल्यासारखा आवाज येतो. तोंडाला फेस असतो. कानांच्या मागे, मानेच्या वरच्या टोकाला काळपट चिकट पाझर दिसतो आणि त्याला उग्र वास येतो. शेपटीवर मुततो आणि ती पाठीवर फटकारतो. दात करकरतो. खाणं सुटतं, म्हणून पोट आत गेलेलं असतं. एरवी अत्यंत सालस असलेला नर या दिवसांत ओळखीच्या माणसालाही चावू शकतो, आणि उंटाचा चावा हा हाड मोडणारा चावा असतो. आमच्या पुस्तकांत उंटाच्या चाव्याच्या जखमांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत ते उगाच नाहीत.

तेव्हा हिवाळ्यात उंट निवडताना मादी किंवा खच्ची केलेला नर मागा. नर असेल तर वरची लक्षणं बघा, आणि एकही दिसलं तर दुसरा उंट मागून घ्या. 'काही करत नाही तो' हे उत्तर ऐकून घेऊ नका. मुलांना त्याच्या डोक्याच्या टप्प्यात उभं करून फोटो काढू नका. माद्यांच्या कळपाजवळून जाताना तर विशेष जपा.

गोबीत पाळीव उंटांचा माज ऐन थंडीत असतो आणि पाहुणे येतात उन्हाळ्यात, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

चढणं, बसणं, उतरणं

वेळ निवडताना सकाळ सर्वांत चांगली, नाहीतर उन्हं कलल्यावर. याला तुमच्या सोयीपलीकडचं कारण आहे. उंट घाम गाळून पाणी दवडत नाही; पाणी कमी मिळत असेल तर तो दिवसभर शरीर तापू देतो आणि रात्री निववतो. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकात अल्जीरियातल्या सहारात हे मोजून दाखवलं: तहानलेल्या उंटाचं तापमान पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या वर जातं. म्हणजे भर दुपारी तुम्ही ज्याच्यावर चढता तो प्राणी आधीच आपल्या मर्यादेजवळ पोचलेला असतो. याने शेवटचं पाणी कधी प्यालं, हे विचारायला संकोचू नका. तहानलेला उंट दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी पिऊ शकतो, म्हणून त्याला रोज तहान लागत नाही असा अर्थ कुणी काढू नये.

एका उंटावर एक मोठं माणूस. दोघं जण आणि मागे उंटवाला ही पद्धत दिसते खरी, पण भुसभुशीत वाळूत ते ओझं पाठीला आणि गुडघ्यांना फार होतं. लहान मूल सोबत असेल तर ते मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा, एकटं वर बसवू नका. उभ्या उंटावरचं आसन जमिनीपासून दोन मीटरवर असतं. गरोदर बाई, मणक्याचं दुखणं असलेला माणूस, नुकती शस्त्रक्रिया झालेला माणूस, यांनी सरळ शेजारून चालावं.

कपडे सैल आणि पायघोळ विजारीचे हवेत. आखूड विजारीत मांड्या पालाणाच्या लाकडाला घासून सोलवटतात. डोक्याला सुती कापड गुंडाळा, पण त्याचं टोक फडफडत ठेवू नका. उंट डोळ्यांच्या कडेने फडफडणाऱ्या वस्तूला बुजतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चुरचुरीला तर फारच. मोबाइल गळ्यात दोरीने अडकवा. तो पडला की माणूस नकळत पकड सोडून वाकतो, आणि अपघात तिथेच होतो.

उंटाजवळ जायचं ते डोक्याच्या बाजूने, त्याला दिसेल असं, तिरकं, बोलत. मागे उभं राहू नका. उंटाची लाथ चारही पायांनी आणि जवळजवळ कुठल्याही दिशेने येते. उंटवाला डोक्याशी उभा आहे याची खात्री झाल्यावरच पाय टाका.

चढल्यावर पालाणाची पुढची लाकडी मूठ दोन्ही हातांनी धरा. वशिंडाचे केस धरू नका आणि दोरी हाताला गुंडाळून घेऊ नका. उंट उठतो तेव्हा आधी पुढून किंचित उचलतो, मग मागचे पाय एकदम सरळ करतो, आणि मग पुढचे. सगळ्यात मोठा हिसका मधला असतो: तुम्ही पुढे, त्याच्या मानेवर फेकले जाता. म्हणून उठायचा इशारा मिळाला की मागे रेला, आणि तो चारही पायांवर उभा राहीपर्यंत तसेच राहा. उतरताना क्रम उलटा, पण तुमचं काम तेच. पुढचे गुडघे आधी टेकतात, तुम्ही पुन्हा पुढे जाता, म्हणून पुन्हा मागे रेलायचं. मागचा भाग टेकला की झालं असं वाटून लोक पाय काढतात. त्यानंतर उंट छाती जमिनीवर नीट बसवायला आणखी एक हेलकावा देतो. तो होऊ द्या, मग उतरा.

चालताना उंट एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो. त्यामुळे होडीत बसल्यागत हेलकावे येतात, आणि कंबर ताठ ठेवली तर तासाभरात माकडहाड दुखायला लागतं. कंबर सैल सोडा, पोट त्या लयीबरोबर पुढे-मागे जाऊ द्या. रिकीब असेल तर टाचा खाली दाबा. नसेल, तर लोंबत्या पायांना मधून मधून घोट्यात फिरवा. दर तासाला उतरून दहा मिनिटं चाला. तुमचे पाय मोकळे होतात, उंटाची पाठही. चालीत उंट ताशी चारपाच किलोमीटर जातो, आणि पहिल्या-दुसऱ्या वेळेस तेवढंच पुरे. 'पळवू का?' असं उंटवाला हौसेने विचारतो. नको म्हणा.

पालाणं देशोदेशी वेगळी आहेत आणि बसण्याची जागाही. थरच्या पालाणावर वशिंडाच्या पुढे-मागे दोन बैठका असतात. सहारातले तुआरेग हे भटके लोक वशिंडाच्या पुढे, खांद्यावर बसतात आणि अनवाणी पावलं उंटाच्या मानेवर टेकवून त्याला चालवतात. म्हणून तिथे बूट काढायला सांगितलं तर काढा. दोन वशिंडांच्या मधली बैठक सगळ्यांत सुखाची. नवख्याने सुरुवात तिथून केली तर बरंच. फक्त नुब्रात हुंदरची वाळू तीन हजार मीटरच्या वर आहे. लेहला दोन-तीन दिवस काढून शरीर रुळल्याशिवाय तिथे जाऊ नका.

उतरल्यावर हात साबणाने धुवा. २०१२ साली सौदी अरेबियात पहिल्यांदा सापडलेला मर्स हा श्वसनाचा आजार माणसाकडे उंटांतून येतो. मध्यपूर्वेत उंटाच्या नाकाला नाक लावून फोटो काढू नये, कच्चं दूध पिऊ नये. दूध उकळून प्या, उत्तम असतं.

उंटाचं हे काम बंद व्हावं असं मला वाटत नाही. भारतात २०१२ च्या पशुगणनेत चार लाख उंट होते. २०१९ मध्ये अडीच लाख राहिले. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यप्राणी केलं, तरी चराईची जमीन आक्रसत गेली, ट्रॅक्टर आले, आणि पिढीजात उंट पाळणाऱ्या रायका-रेबारींच्या पोरांना उंटात भविष्य दिसेना. अंगाने भरलेला, जखमा नसलेला उंट ठेवणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईक गेलं तर त्याचा उंट टिकतो. म्हणून निवडीवर माझा इतका भर.

मोकळा उंट दिसला तर

सहारात, अरबस्तानात किंवा थरमध्ये लांबवर एकटेच चरणारे उंट दिसले की लोक 'जंगली उंट' म्हणून फोटो दाखवतात. ते कुणाचे तरी असतात. जवळून बघितलं तर मानेवर, गालावर किंवा मांडीवर डागणीची खूण असते, कधी पुढच्या दोन पायांत आखूड दोरी. एका वशिंडाचा मूळचा रानटी उंट पृथ्वीवरून केव्हाच संपला. अरबस्तानात तो माणसाळला त्याला तीनएक हजार वर्षं झाली, आणि रानात राहिलेले त्यानंतर टिकले नाहीत. हुंदरचे दोन वशिंडांचे उंटही रानटी नव्हेत. मध्य आशियातल्या यारकंदकडून (आता चीनमध्ये) येणाऱ्या व्यापारी तांड्यांचे ते वंशज. विसाव्या शतकाच्या मध्यात ती वाट बंद झाली आणि उंट इकडेच राहिले.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तिसरीच. तिथे उंट मुळात नव्हतेच. पहिला उंट १८४० साली उतरला, १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट आणले गेले, आणि पुढच्या अर्धशतकात हजारो. त्यांच्याबरोबर बलुचिस्तान, पंजाब, सिंध, अफगाणिस्तान इथून उंटवाले गेले. तिकडे सगळ्यांनाच 'अफगाण' म्हणत, आणि ॲडलेड ते डार्विन धावणारी घॅन गाडी त्यांच्याच नावाची. तारेचे खांब, रेल्वेचे रूळ, खाणींचा माल, सगळं या उंटांनी वाहिलं. मोटारी आल्यावर १९२० च्या दशकात उंट नकोसे झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये मोकाट उंट मारायला परवानगी देणारा कायदाच केला, पण कित्येक उंटवाल्यांना आपली जनावरं मारवेनात, आणि त्यांनी ती रानात सोडून दिली. त्यांची पिल्लावळ वाढत वाढत लाखांवर गेली. २००९ ते २०१३ या सरकारी मोहिमेत सुमारे १ लाख ६० हजार उंट मारले गेले आणि शेवटी ३ लाखांच्या आसपास उरले असा अंदाज दिला गेला. तरी २०२० च्या जानेवारीत, भयंकर दुष्काळात, हेलिकॉप्टरमधून पुन्हा पाच हजार मारले. एक पशुवैद्य म्हणून हे लिहिताना मला जड जातं. पण दगडातल्या ज्या कुंडांवर तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या जगले, त्यांत तहानेने घुसून मेलेले उंट पडले की ते पाणी कुणाच्याच कामाचं राहत नाही. हे समजून घेतल्याशिवाय दूर बसून उंटावरून शेळ्या हाकणं मला पटत नाही. तिथे सफरीवर मिळणारे उंट बहुधा याच मोकाट कळपांतून पकडून शिकवलेले असतात. तुमचा उंट कुठून आला, ते जरूर विचारा. त्या कहाण्या ऐकण्यासारख्या असतात.

मोकाट कळप बघायचा असेल तर आधी खुणा वाचा. उंटाचा ठसा मोठा, गोलसर, कडा मऊ असलेला. पुढे दोन नखांचे टोचे. खुरासारखी कापलेली धार त्यात नसते. लेंड्या ओलसर, गडद असतील तर ताज्या. पांढुरक्या पडल्या असतील तर जुन्या. झाडं साडेतीन मीटरपर्यंत ओरबाडलेली आणि त्याच्या वर हिरवी असतील, तर कळप इथे नेहमी येतो. क्वांडाँग नावाचं तिथलं रानफळाचं झाड उंटांना इतकं आवडतं की ते मुळापर्यंत खातात. कळप दिसला की गाडीतच थांबा, इंजिन बंद करा, काच अर्धी खाली घ्या. हिवाळ्यात नर कळपाबाहेर फिरत असेल तर मुळीच उतरू नका.

आणि सांज झाली की गाडी चालवू नका. उंटाचे पाय लांब, अंग उंच. गाडी पायांना धडकते आणि पाचशे किलोचं धड थेट समोरच्या काचेवर येतं. रात्री त्याच्या मातकट अंगावर दिव्याचा उजेड ठरत नाही. अरबस्तान आणि ओमानच्या रस्त्यांवरही हेच लक्षात ठेवा.

गोबीतला तो

निकोलाय प्रझेवाल्स्की या रशियन प्रवासी-संशोधकाने १८७८ मध्ये गोबीतल्या रानटी उंटाचं शास्त्रीय वर्णन केलं. बराच काळ लोक समजत होते की हे पळून गेलेले पाळीव उंट असावेत. आनुवंशिक अभ्यासांनी ते खोडून काढलं: पाळीव दोन वशिंडांच्या उंटापासून हा सात लाख वर्षांहून आधीच वेगळा झाला आहे. तो आज मंगोलियातल्या ग्रेट गोबी 'अ' या कडक संरक्षित प्रदेशात आणि चीनमधल्या लोप नूर, तकलामकान, अलतुन डोंगर या भागांत राहतो. लोप नूरला चीनने १९६४ ते १९९६ अणुचाचण्या केल्या. माणसांना बंद असलेल्या त्या प्रदेशात हा उंट तगला, आणि तिथल्या झऱ्यांचं समुद्रापेक्षा खारट पाणी पिऊन तगला. आता त्याला खाणींचा, लांडग्यांचा आणि पाण्याच्या टंचाईचा धोका आहे. त्यातही मोठा धोका मोकळ्या सोडलेल्या पाळीव उंटांशी संकर होण्याचा.

बघायला जायचं तर मंगोलियाची बाजू. संरक्षित प्रदेशाची परवानगी आधी काढावी लागते आणि तिथलाच रक्षक सोबत हवा. संरक्षित प्रदेशाचं कार्यालय बायनतूरॉय या वस्तीत आहे. दिवस हाताशी भरपूर ठेवा. रानटी उंट कित्येक किलोमीटरवरून गाडी ओळखतो आणि पळतो, आणि एकदा पळाला की लवकर थांबत नाही. उन्हाळ्यात त्याला असं पळवणं म्हणजे त्याने साठवलेलं पाणी आणि चरबी खर्च करायला लावणं. दिसला की गाडी तिथेच थांबवा. जवळ जायचा मोह झाला तरी जाऊ नका.

पंधरा मिनिटं बघायची सवय इथे कामाला येते. पाळीव उंट जड, केसाळ, वशिंडं मोठी आणि कललेली. रानटी उंट सडपातळ, पाय बारीक, अंगावरचे केस आखूड आणि वाळूच्या रंगाचे, कपाळ चपटं, आणि वशिंडं लहान, टोकदार, एकमेकांपासून लांब. दुर्बिणीत उन्हाच्या झळा नाचत असतील तर रंगावर विसंबू नका, वशिंडांच्या टोकांवर नजर ठेवा. शंका असली तर चाल बघा: माणूस दिसल्यावर पाळीव उंट मान वर करून थांबतो, रानटी उंट निघालेला असतो.

झऱ्याजवळ तंबू ठोकू नका. वाळवंटात पाण्याकाठी मुक्काम करावासा वाटतो, पण तुम्ही रात्रभर तिथे राहिलात तर कित्येक मैल चालून आलेला कळप अंधारात लांबूनच वळतो, आणि पुढचं पाणी त्याच्यासाठी आणखी एका रात्रीच्या वाटेवर असतं. पाणी भरून घ्या, लगेच निघा, आणि मुक्काम वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झरा नजरेआड होईल इतक्या लांब करा. पहाटे परत या तेव्हा गाडी दूर ठेवून पायी जा. काठावरच्या ओल्या खारट मातीत ते मऊ कडांचे गोल ठसे रात्रीतून उमटले असतील तर मोजून वहीत लिहा, लहान ठसे वेगळे, मोठे वेगळे, आणि तो आकडा निघण्यापूर्वी रक्षकाला द्या. पिल्लं किती हे त्याला त्यातूनच कळतं.